पावती विकणाऱ्याचा दोष किती?

जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टीस्टेट पतसंस्था, लोकांच्या तोंडी नुसती ‘बीएचआर’, बुडाली तेव्हापासून ठेवीदारांना एक टोमणा हमखास ऐकावा लागतो: जास्त व्याजाचा हव्यास नडला, आता भोगा. हजार कोटींच्या वर ठेवी अडकल्या. बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी कापसाचे पैसे किंवा निवृत्तीची पुंजी बँकेऐवजी पतसंस्थेत जाते, कारण पतसंस्थेतला माणूस ओळखीचा असतो आणि व्याज थोडे बरे मिळते. हव्यास थोडाफार असेलही. पण आर्थिक संकटाची जबाबदारी ठरवताना आधी पाहावे ते हे, की कर्जाची वही कोणाला दिसत होती आणि ती पाहून व्यवहार थांबवण्याचा अधिकार कोणाकडे होता. ठेवीदाराला दिसत होती ती फक्त पाटी आणि पावती.

वही संचालकांना दिसत होती; प्रमोद रायसोनी यांच्यासह संचालकांना २०१५ मध्ये अटक झाली, ती ठेवींच्या अपहाराच्या आरोपावरून. लेखापरीक्षकालाही ती दिसत होती, पण मल्टीस्टेट कायद्यात त्याची नेमणूक संस्थेचीच सर्वसाधारण सभा करते. ज्याच्या वह्या तपासायच्या त्यानेच नेमलेला तपासनीस कितपत ओरडणार? उरला सरकारी निबंधक. २००२ च्या कायद्याखाली एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या संस्था केंद्रीय निबंधकाकडे होत्या, आणि ते कार्यालय दिल्लीत, तेव्हा कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत. राज्याच्या सहकार खात्याचा हात आखडला आणि दिल्लीचा हात जळगावच्या शाखेपर्यंत पोचला नाही. देखरेखीतून सुटण्याची ही वाट कायद्यानेच आखून दिली होती, आणि म्हणून जबाबदारीच्या यादीत मी सरकारला संचालकांच्या फार खाली ठेवत नाही. अमेरिकेतल्या २००८ च्या पडझडीनंतरही ऐपतीबाहेर घरे घेणाऱ्यांकडे आधी बोट दाखवले गेले. पण तिथल्या चौकशी आयोगाच्या बहुमताने २०११ मध्ये हे संकट टाळता येण्याजोगे होते असे सांगून नियामकांवर आणि वित्तसंस्थांच्या प्रमुखांवर ठपका ठेवला.

यावर सहकारातली जाणती माणसे म्हणतात, ठेवीदार हा सभासद, सभासद हा मालक, मग मालकाने सभेत प्रश्न का विचारले नाहीत? युक्तिवाद कागदावर चोख आहे. मात्र पतसंस्थांत ठेव घेताना एक अर्ज भरून घेऊन माणसाला नाममात्र सभासद करण्याची पद्धत सर्रास आहे, आणि नाममात्र सभासदाला मताचा अधिकारच नसतो. मालकीचा तोटा त्याच्या पदरी, अधिकार शून्य. बँक बुडाली तर फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही.

खरा संताप यावा असा भाग संस्था बुडाल्यानंतरचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांनी जळगावात छापे घातले आणि जून २०२१ मध्ये अवसायक जितेंद्र कंडारे यांना इंदूरहून अटक केली. आरोप असे, की संस्थेच्या मालमत्ता कवडीमोल भावाने विकल्या गेल्या आणि कर्जदारांनी ठेवीदारांच्या पावत्या स्वस्तात घेऊन आपल्या कर्जात वळत्या करून घेतल्या. या दुसऱ्या प्रकाराचा हिशेब नीट पाहावा. समजा, लाखाची पावती अडलेल्या ठेवीदाराने तीस हजारांना विकली. कर्जदाराचे लाखाचे कर्ज तीस हजारांत फिटले, ठेवीदाराचे सत्तर हजार गेले, आणि संस्थेच्या वहीत मात्र ‘वसुली’ आणि ‘ठेव परत’ अशा दोन्ही नोंदी झाल्या. जे लाख रुपये वसूल होऊन सगळ्या ठेवीदारांत वाटले जायला हवे होते, ते तिजोरीत आलेच नाहीत; म्हणजे पावती न विकता थांबलेलाही बुडाला. पावती स्वखुशीने विकली, असा बचाव होऊ शकतो. पण घरात आजारपण किंवा मुलीचे लग्न असताना पैसे कधी मिळतील याचा काहीच भरवसा नसलेल्या माणसाने केलेल्या सहीला खुशी म्हणणे जड जाते. शिवाय पावती कर्जात वळती करून घ्यायची की नाही, हे ठेवीदाराच्या हाती कधीच नव्हते.

२०२३ च्या दुरुस्तीने मल्टीस्टेट संस्थांसाठी लोकपाल आणि निवडणूक प्राधिकरण आणले, हे बरे झाले. पतसंस्थेच्या ठेवीला विमा मात्र त्यातही नाही. आरोपींच्या दोषाचा निवाडा न्यायालय करील. तोवर एक मागणी ठेवीदारांनी सोडू नये: स्वस्तात घेतलेल्या पावत्यांवर ज्यांची कर्जे फिटली, त्यांच्याकडून पावतीची दर्शनी रक्कम आणि मोजलेली किंमत यांतला फरक वसूल करावा आणि तो मूळ ठेवीदारांच्या हाती द्यावा.