इंग्रजी संबंधी वाक्यातील स्वल्पविराम

दोन केवल वाक्ये संबंधी सर्वनामाने जोडून एक मिश्र वाक्य करताना इंग्रजीत स्वल्पविराम हे केवळ विश्रामाचे चिन्ह नसते. अर्थनिर्णय त्यावर अवलंबून असतो. ‘द मॅन्युस्क्रिप्ट्स हुइच वेअर डॅमेज्ड वेअर कॉपिड’ या वाक्यातील गौण वाक्य व्यवच्छेदक आहे : जेवढ्या पोथ्या जीर्ण, तेवढ्यांच्याच नकला झाल्या. ‘हुइच’च्या पूर्वी व ‘डॅमेज्ड’च्या नंतर स्वल्पविराम दिले, की तेच गौण वाक्य केवळ वर्णनपर होते, सर्वच पोथ्या जीर्ण होत्या व सर्वांच्याच नकला झाल्या, असा अर्थ निष्पन्न होतो.

मराठीत आपण ‘ज्या पोथ्या जीर्ण होत्या, त्यांच्या नकला झाल्या’ असे लिहितो. येथे स्वल्पविराम असूनही अर्थ व्यवच्छेदकच राहतो. कारण ‘ज्या–त्या’ या जोडीने तो निश्चित केलेला असतो. इंग्रजीत हे कार्य विरामचिन्हांना करावे लागते. व्यवच्छेदक वाक्यात ‘दॅट’ व वर्णनपर वाक्यात ‘हुइच’ योजावे, असे फाउलर यांनी १९२६ साली सुचविले. परंतु व्यवच्छेदक ‘हुइच’ आजही रूढ असल्याने स्वल्पविरामाची दक्षता टळत नाही. मराठीची सवय प्रबंधाच्या इंग्रजीत उतरली, तर काही पोथ्यांविषयीचे विधान सर्व पोथ्यांविषयीचे होते आणि निष्कर्षच पालटतो.