चारही इंजिनं बंद

२४ जून १९८२ ची रात्र. लंडनहून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर करत निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जम्बो जेट पर्थकडे चाललं होतं. आत २६३ माणसं. जावाजवळ, ३७ हजार फुटांवर, कॉकपिटच्या काचेवर ठिणग्या नाचू लागल्या आणि बघता बघता एकामागून एक चारही इंजिनं बंद पडली. का, ते कुणालाच कळेना. गालुंगगुंग ज्वालामुखीची राख आड आली होती. पण विमानातल्या हवामान-रडारला दिसतात ते पाण्याचे थेंब, कोरडी राख नाही.

कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं ते साधारण असं: एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती सुरू करायची आम्ही पराकाष्ठा करतोय, तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे. या निवेदनातली ‘छोटीशी अडचण’ जगभर गाजली. मी मात्र थक्क होतो तो ‘चारही’ या शब्दाने. काय बिघडलंय आणि आम्ही काय करतोय, एवढंच. त्यात लपवाछपवी नाही की खोटा दिलासा नाही.

हीच खबर रेडिओवरून जकार्ताला गेली, तेव्हा नियंत्रकांनी ऐकलं: चौथं इंजिन बंद! तीन इंजिनांवर जम्बो खुशाल उडतं, म्हणजे संकटाचा अंदाजच चुकला. शेवटी जवळून जाणाऱ्या गरुडा इंडोनेशियाच्या वैमानिकाने खरा निरोप पोचवला. शांत आवाजात, अचूक शब्दांत बोलूनही समोरच्याला काय उमगलं ते पडताळावंच लागतं. विमानवाहतुकीत महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायची, ती याचसाठी.

इंजिनं बंद असली तरी जम्बो दगडासारखं कोसळत नाही. एक किलोमीटर खाली येईतो सुमारे १५ किलोमीटर पुढे जातं. साधारण १३ हजार फुटांवर विमान राखेतून बाहेर आलं. इंजिनात वितळून चिकटलेली राख थंड होऊन तडकली, गळून पडली, आणि इंजिनं पुन्हा धडधडू लागली. त्यातलं एक नंतर परत बंद करावं लागलं.

आता उतरायचं कसं? राखेने घासून काच दुधी झालेली, त्यात धावपट्टीकडे उतरण्याचा कोन दाखवणारी जकार्ताची यंत्रणा बंद. मग सहवैमानिक रॉजर ग्रीव्ह्ज धावपट्टीचं अंतर बघून या क्षणी विमान किती फुटांवर हवं ते मोठ्याने सांगत राहिले, मूडी त्या आकड्यांवर विमान खाली आणत राहिले. सगळे २६३ जण सुखरूप उतरले.