हुकमाची आग

मानपाडा रस्त्याला राहणाऱ्या डोंबिवलीकराला आगीची ओळख करून द्यावी लागत नाही. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले, तेव्हा माणसं गेली आणि एमआयडीसीच्या आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. विमानाची आग मात्र इथल्या अनुभवातली नाही. नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे खरी, पण तिचं नाव आता जमिनीच्या आंदोलनापुरतंच निघतं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून प्रवासी विमानं उडू लागली आणि ठाणे जिल्ह्याच्या या टोकालाही विमानतळाचा शेजार लाभला. अशा विमानतळांवरचे अग्निशमन जवान ज्या यंत्रावर तयार होतात, त्याची माहिती म्हणूनच इथे असायला हवी.

विमानाच्या आगीत हिशेब सेकंदांचा असतो. टाक्या फुटून सांडलेलं इंधन पेटलं, की साधारण मिनिटभरात ज्वाळा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वितळवून आत शिरतात. आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम असा, की वर्दी मिळाल्यापासून तीन मिनिटांच्या आत पहिला बंब धावपट्टीवर कुठेही पोचून फोम मारू लागला पाहिजे. प्रयत्न दोन मिनिटांचा असावा. बंब पळतातही तसे. मोठा क्रॅश फायर टेंडर पाण्याने भरलेला असतानाही ४० सेकंदांत ताशी ८० किलोमीटरचा वेग घेतो. पण उतरल्यावर काय करायचं, हे जवानाच्या हातापायांत मुरलेलं असावं लागतं. आणि अपघात तर इतके विरळा, की एखाद्या जवानाची अख्खी नोकरी एकही जळतं विमान न पाहता सरते. अनुभव येणार कुठून?

पूर्वी खड्ड्यात रॉकेलसारखं इंधन ओतून, जुन्या विमानाचा सांगाडा मध्ये ठेवून सराव होई. आकाश काळं व्हायचं, इंधन जमिनीत मुरायचं. विझवायला वापरलेल्या फोममधली फ्लोरिनयुक्त रसायनं भूजलात उतरून वर्षानुवर्षं टिकतात, हे पुढे जगभरातल्या अनेक विमानतळांभोवती आढळलं. त्यातून सिम्युलेटर, म्हणजे सरावाचं नकली विमान, पुढे आला.

हे विमान जाड पोलादाचं असतं आणि कधीच उडत नाही. त्याला पंख, इंजिन, चाकं, दारं, आत खुर्च्या, वर सामानाचे कप्पे, सगळं असतं, आणि जागोजागी प्रोपेन किंवा एलपीजीचे बर्नर बसवलेले असतात. नियंत्रण कक्षातला प्रशिक्षक बटण दाबून हवी तिथे आग लावतो: इंजिनात, मालाच्या कप्प्यात, स्वयंपाकाच्या ओट्याशी. गॅस कुठे साठतोय का यावर सेन्सरची नजर असते, आणि एका लाल बटणावर सगळा पुरवठा तुटतो. गॅस स्वच्छ जळतो, त्यामुळे केबिनमधला दाट धूर वेगळ्या यंत्राने सोडावा लागतो.

चाकांचा सराव जरा जवळून पाहू. उतरताना करकचून ब्रेक लागले की चाकं तापतात, कधी पेट घेतात. नवख्याची धाव सरळ बाजूने चाकाकडे असते, आणि तीच जिवावर बेतू शकते. तापलेलं चाक फुटलं तर त्याचे तुकडे आसाच्या रेषेत, म्हणजे दोन्ही बाजूंना उडतात. म्हणून जायचं ते चाकाच्या पुढून किंवा मागून. वर्गात हे शिकवायला दोन मिनिटं पुरतात. पण अंगावर श्वसनाचा बीए सेट, पाण्याने ताठ झालेला होज, समोर धग आणि वर इंजिनाचा आवाज असताना पाय आपसूक योग्य कोनात वळावेत, यासाठी ते पुन्हा पुन्हा करावं लागतं.

केबिनमधला सराव त्याहून कठीण. १९८५ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरला उड्डाणाआधीच एका बोइंग ७३७ ला आग लागली. विमान जमिनीवर होतं, बंबही तातडीने आले, तरी ५५ जण गेले, आणि त्यातले बहुतेक धुरामुळे. म्हणून जवानाला रांगत, एका हाताने खुर्च्या चाचपत, छतावरून सरकणाऱ्या ज्वाळेखालून पुढे जायला शिकवतात. बाहेरच्या सरावालाही असाच एक कटू धडा आहे. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अपघातात फोमखाली झाकली गेलेली एक मुलगी बचावाच्याच गाड्यांखाली आली. फोम माणसालाही झाकतो, हे चालकाच्या डोक्यात पक्कं बसवावं लागतं.

या सिम्युलेटरची एक उणीव मला फार मोठी वाटते. गॅसची आग हुकमाची असते. प्रशिक्षकाने बंद केली की विझते. सांडलेलं इंधन तसं नसतं. त्यावर फोमचा थर नीट पसरावा लागतो, आणि होज ओढताना किंवा बुटाने तो फाटला तर पाठीमागे आग पुन्हा भडकते. ही भीती गॅस शिकवत नाही. आयकाओ दाबाने फवारणाऱ्या इंधनाच्या आगीवरही सराव मागते तो उगाच नाही. फवारा योग्य जागी बसेपर्यंत आग बंद न करणारा कडक प्रशिक्षक नसेल, तर कोट्यवधींचं यंत्र जवानाला खोटा आत्मविश्वास देऊन पाठवील.

विमानतळावरच्या जवानांसाठी विमानतळ प्राधिकरणाची अग्निशमन प्रशिक्षण केंद्रं दिल्लीत आणि कोलकात्यात आहेत. पण विमान विमानतळाच्या कुंपणाआतच पडेल असं कोणी लिहून दिलेलं नाही. २८ जून २०१८ ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर विमान घाटकोपरच्या वस्तीत कोसळलं. विमानातले चौघे आणि एक पादचारी दगावले. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. अशा जागी आधी पोचतो तो पालिकेचा बंब. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या जवानांनी रसायनांच्या आगी झेलल्या आहेत, त्यांच्या हिमतीबद्दल प्रश्नच नाही. पण चाकाकडे कुठून जायचं, दार बाहेरून कसं उघडायचं, हा सराव त्यांनाही मिळायला हवा. विमानतळांना दर दोन वर्षांनी पूर्ण आपत्कालीन कवायत करावीच लागते, आणि तिच्यात पालिकेचे बंब येतात. त्या कवायतीला जोडून प्रत्यक्ष आगीच्या सरावाचे काही दिवस ठेवता येतील. ट्रेलरवर बसवलेले फिरते सिम्युलेटरही जगात आहेत. त्यांना लागतं ते वस्तीपासून दूर मोकळं मैदान, पाणी आणि तयारीचा प्रशिक्षक. विमानतळ आणि आसपासच्या पालिका यांनी खर्च वाटून घेतला, तर असा एक ट्रेलर मुंबई महानगर प्रदेशात आणणं अवघड नाही.