दुखतंय म्हणायला लाज कसली?

वाढत्या वयातल्या मुलांसाठी, आणि त्यांच्या आईबापांसाठीही

नारायणगडाच्या पायथ्याला असलेल्या एका वस्तीतला दहावीतला मुलगा. पहाटे उठला तो अंडकोषातल्या जीवघेण्या कळेनं. दोनदा उलटी झाली. आजीनं विचारलं, "काय होतंय रं?" तो म्हणाला, "पोट बिघडलंय." आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरात आजी आणि धाकटी बहीण. बाईमाणसाला असलं दुखणं सांगायचं कसं? दोस्ताला सांगितलं तर तो हसला, "गडी असून एवढ्यानं रडतो व्हय?" पोरानं दात आवळून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तोवर वृषणाला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा कधीचा बंद झाला होता. एक वृषण काढून टाकावं लागलं.

मुलगा आज बरा आहे. एक वृषण निरोगी असलं तरी पुढं संसार होतो, मूलबाळ होतं, हे आम्ही त्याला आणि त्याच्या आईला बसवून समजावलं. पण असा पीळ पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया करून सोडवला, तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. त्या पोराकडं सहा तास होते. ते तास "मर्दाला दरद होत नसतो" या एका वाक्यानं खाल्ले.

म्हणून या वेळचं आरोग्य पान मुलग्यांसाठी. मुलींच्या पाळीबद्दल, रक्ताच्या कमतरतेबद्दल आपण याआधी बोललो, पुढंही बोलू. पण वयात येणाऱ्या मुलाला घरात कोण काय सांगतं? बाप सांगत नाही, आईला संकोच वाटतो, आणि शाळेत तो धडा घरी वाचून या म्हणतात. मग पोरगं शिकतं ते मोबाईलवरून आणि पानटपरीवरून.

विहारातला डबा

आपल्या वस्त्यांचं साल दोन भागांत कापलेलं आहे. दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की टोळ्या कारखान्याकडं निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सगळी माणसं गावात सापडतात ती वर्षावासात. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालू असतं. वाचन संपलं की आम्ही मुलग्यांना अर्धा तास थांबवून घेऊ लागलो. तोंडानं कुणी बोलेना. मग एक रिकामा डबा ठेवला आणि सांगितलं, नाव न घालता चिठ्ठी टाका.

पहिल्या दिवशी डब्यात तीन चिठ्ठ्या पडल्या, त्यांतली एक कोरी. महिनाभरात डबा भरू लागला. त्यांतले काही प्रश्न आणि आम्ही दिलेली उत्तरं अशी:

*"झोपेत धातू जातो. मी खंगून मरणार का?"* नाही. लोक याला स्वप्नदोष म्हणतात, पण यात दोष काहीच नाही. वयात येताना वीर्य तयार होऊ लागतं आणि ते कधीकधी झोपेत बाहेर पडतं. इतक्या थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब होतो, ही निव्वळ थाप आहे. हस्तमैथुनानंही अंगातली ताकद जात नाही. भिंतीवर 'गुप्तरोग, मर्दानी कमजोरी' असं रंगवून बसलेले भोंदू याच भीतीवर जगतात. आईबापानं उसात घाम गाळून आणलेले पैसे त्यांना देऊ नका.

*"छातीत गाठ आलीय, दुखते. मी बाई होणार का?"* नाही. या वयात संप्रेरकांची उलथापालथ होते, त्यामुळं कितीतरी मुलांची छाती काही काळ सुजते, हुळहुळते. बहुतेकांची सूज वर्षा-दोन वर्षांत आपोआप उतरते. चिडवणाऱ्यांनाही हे सांगा. गाठ वाढतच राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

*"वर्गातल्या सगळ्यांना मिसरूड फुटलं, मला नाही."* मुलांचं वयात येणं साधारण नऊ ते चौदा या वयात कधीही सुरू होतं. कुणाचा आवाज आधी घोगरा होतो, कुणाची उंची आधी वाढते. चौदा पूर्ण होऊनही काहीच बदल दिसला नाही, तर एकदा तपासून घ्यावं.

*"शाळेतली निळी गोळी मुलींची असते ना?"* नाही. आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलग्यांपैकी 31 टक्क्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. मुलींमध्ये हे प्रमाण 59 टक्के आहे, म्हणजे त्यांची काळजी आधी. पण "मी काय बाई आहे का" म्हणून गोळी गटारात टाकणारा मुलगा स्वतःचंच रक्त आटवतो.

आणि एक चिठ्ठी अशी होती, जिच्यापुढं आमचं नर्सिंगचं शिक्षण थिटं पडलं: *"बाप दारू पिऊन माईला मारतो. मी मधी पडलो तर मला बायल्या म्हणतो. मी काय करू?"*

बायल्या म्हणजे काय?

त्या चिठ्ठीवर पुढचे तीन रविवार आम्ही मुलांशी बोललो. आधी एक यादी केली: मुलाला रडवायचं, गप्प करायचं असेल तर काय म्हणतात? पोरांनी भराभर सांगितलं. बायल्या, बायकी, बांगड्या भर, पोरीवानी रडतो. मग विचारलं, या सगळ्या शिव्यांत कमीपणा कुणाचा आहे? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक आवाज आला, "आईचाच की."

ज्या आईनं पहाटे तीनला उठून भाकरी थापल्या, दिवसभर फडात मोळ्या वाहिल्या, रात्री परत चूल पेटवली, तिच्यासारखं असणं ही शिवी कशी? मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, दोघांचा मिळून एक कोयता. फडात दोघं बरोबरीनं राबतात. खोपीवर आल्यावर मात्र तो गडी होतो आणि ती बाई.

हा कोयता मुलग्यांचंही बालपण कापतो. जोडी लागते म्हणून सतराव्या-अठराव्या वर्षी पोराचं लग्न उरकलं जातं. मुलीचं वय 18 हवं हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण 2006 च्या कायद्यानुसार 21 पूर्ण नसलेल्या मुलाचं लग्न हाही बालविवाहच आहे. ज्या बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं फक्त 807 मुली उरल्या होत्या, तिथं मुलगा जन्मला की पेढे वाटतात आणि मिसरूड फुटायच्या आत त्याच्या खांद्यावर संसार टाकतात. त्याला काय हवंय, हे कुणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट आपण आपसांत तरी मान्य करू. आपल्या पोरांना गावात मान खाली घालायला लावणारे कमी नाहीत. मिशीला पीळ दिला, नवी गाडी घेतली, तरी काहींच्या डोळ्यांत सलतं. बाहेर झालेल्या अपमानाची भरपाई मग काही जण घरात बहिणीवर, बायकोवर करतात. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियातल्या आपल्या जातिविषयक निबंधात दाखवून दिलं, की जात टिकवायची तर आधी बाईला बंधनात ठेवावं लागतं. मग जय भीम म्हणून घरी बायकोवर हात उगारणारा कुणाचं काम करतो? जातीचंच.

तथागतांनी केलेली शुश्रूषा

एका मुलानं विचारलं, "मुलगा नर्स होऊ शकतो का? की ते बायकांचं काम?" होऊ शकतो. दवाखान्यात त्यांना ब्रदर म्हणतात. पण आम्ही त्याला वर्षावासात वाचलेला प्रसंग आठवायला सांगितला. अतिसारानं आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. कुणी त्याच्याजवळ जाईना. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, दोघांनी उचलून बिछान्यावर ठेवलं. मग संघाला बोलावून सांगितलं, की ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची सेवा करावी. आम्ही कित्येक वर्षं वॉर्डात जे काम केलं, ते तथागतांनी आपल्या हातांनी केलं आहे. ते बायकी कसं?

सिगाल या तरुणाला केलेल्या उपदेशात नवऱ्याची पाच कर्तव्यं आहेत. त्यांत पहिलंच पत्नीला मान देणं, दुसरं तिचा अपमान न करणं, आणि घराचा अधिकार तिच्या हाती देणं हेही त्यातच आहे. आणि बाबासाहेब? 1926 साली लाडका राजरत्न गेला, तेव्हा त्यांनी दत्तोबा पवार या मित्राला पत्र लिहून आपलं दुःख मोकळं केलं. महाडचा सत्याग्रह लढणारा माणूस मित्रापाशी दुःख सांगू शकतो, तर आपल्या पोरानं का गिळून बसावं?

गिळून बसण्याची किंमत मोठी आहे. 2021 साली देशात 1,64,033 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत 1,18,979 पुरुष होते. रोजंदारीवरच्या मजुरांचा आकडा 42,004.

हे बदलतं

"पुरुषाची जात अशीच," असं म्हणून सोडून देऊ नका. 1991 साली मुंबईत एका पत्रकारानं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, बायकोला मारणं चूक आहे असं मानणाऱ्या पुरुषांना हाक दिली. सुमारे दोनशे जण पुढं आले. त्यातूनच 1993 साली 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली, आणि हरीश सदानी आणि त्यांचे साथी महाराष्ट्रभरच्या तरुणांशी बोलत राहिले. चेंबूरच्या वस्त्यांत 1989 पासून काम करणाऱ्या 'कोरो'नं 'यारी-दोस्ती' कार्यक्रमातून वस्तीतल्या पोरांनाच मर्दानगीवर बोलतं केलं. पुढं 2008 पासून मुंबईच्या महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत हेच काम झालं. तिथलीही पोरं आपल्या पोरांसारखीच होती.

घरी एवढं करा

* अंडकोषात अचानक जोराची कळ आली, सूज किंवा उलटी असली, तर पोट बिघडलं म्हणून थांबू नका. रात्र असो की पहाट, 108 ला फोन करा आणि जिथं शस्त्रक्रिया होते तिथंच न्या.
* लाजेचे प्रश्न सरकारी रुग्णालयातल्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये विचारता येतात. ते किशोरवयीन मुलामुलींसाठीच आहे.
* मन फार जड झालं, जगू नये असं वाटलं, तर 14416 हा टेली-मानसचा फोन रात्रंदिवस फुकट आहे. मराठीत बोलता येतं.
* घरात मारहाण होत असेल, तर ती थांबवणं ही मुलाची एकट्याची जबाबदारी नाही. 1098 किंवा 112 ला फोन करणं म्हणजे बापाशी गद्दारी नव्हे.
* ताट उचलणं, पाणी भरणं, भाकरी करणं मुलालाही शिकवा. टोळी गेल्यावर आजीजवळ राहणाऱ्या पोराला याची गरज जास्त.
* टोळीला जाण्याआधी मुलाला जवळ बसवून सांगा: "कुठंही दुखलं तरी आजीला सांग. फोन कर. आम्ही हसणार नाही."

ज्या पोराची गोष्ट सुरुवातीला सांगितली, ती त्याच्या परवानगीनंच इथं आली आहे. आम्ही त्याला विचारलं होतं, लिहू का? तो म्हणाला, "लिहा. पण नाव नको. आन् सहा तासांचं नक्की लिहा."

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर हे पान विहारात मोठ्यानं वाचा. वाचताना मुलग्यांना पुढं बसवा, आणि त्यांच्या बापांनाही.

सप्रेम जय भीम.