पेशव्यांना ८ लाखांची पेन्शन देणारा जॉन माल्कम कोण होता?

१८१८ मध्ये मनमाडजवळचा अंकाई किल्ला इंग्रजांना लढाईविना मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी शरणागती पत्करली, ती जॉन माल्कमसमोर.

हा स्कॉटिश अधिकारी कोवळ्या वयातच कंपनीच्या फौजेत दाखल झाला होता. १८१७ मध्ये महिदपूरला तो होळकरांविरुद्ध लढला. बाजीरावांना त्याने वर्षाला ८ लाखांची पेन्शन कबूल केली. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ती जास्त वाटली. तरी माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता. महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्याच नावाची.

१८५१ मध्ये बाजीराव वारले. पेन्शन फक्त त्यांच्यापुरती होती, असं सांगत कंपनीनं दत्तकपुत्र नानासाहेबांना ती नाकारली. पुढे १८५७ च्या उठावात कानपूरचं नेतृत्व नानासाहेबांनी केलं.