घर्षण जोडकाम (संरक्षण उत्पादन)

घर्षण जोडकाम किंवा फ्रिक्शन वेल्डिंग ही धातूचे दोन भाग न वितळवता, परस्परांवर घासून आणि दाबून एकजीव करण्याची पद्धत आहे. तोफगोळे, लढाऊ विमानांची इंजिने आणि चिलखती वाहने यांच्या निर्मितीत तिचा उपयोग होतो. वेल्डिंगसाठी मराठीत ‘वितळजोडकाम’ हा पारिभाषिक शब्द आहे; परंतु येथे धातू वितळतच नसल्याने तो या पद्धतीला लागू पडत नाही. लोखंडाच्या दोन कांबी लालबुंद तापवून घणाखाली सांधण्याच्या लोहाराच्या रीतीशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

कार्यपद्धती

मूळ प्रकारात एक भाग वेगाने फिरवला जातो व दुसरा स्थिर भाग त्यावर दाबून धरला जातो. घर्षणाच्या उष्णतेने संपर्कपृष्ठे मऊ होतात, त्यांवरील ऑक्साइडचा थर व मळ कडेला ढकलला जातो, आणि फिरणे थांबवून दाब वाढवताच सांधा तयार होतो. हे सारे बहुधा काही सेकंदांत घडते. बाहेर आलेली धातूची कडी नंतर लेथवर कापून टाकतात. ही पद्धत १९५६ च्या सुमारास सोव्हिएत संघात लेथवर काम करणारे चुदिकोव्ह यांनी व्यवहारात आणली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीने जडचक्रात साठवलेल्या ऊर्जेवर चालणारा प्रकार विकसित केला.

तोफगोळ्याचा पट्टा

या पद्धतीचे महत्त्व तोफगोळ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पोलादी गोळ्याभोवती तांब्याचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा एक पट्टा असतो. तो तोफेच्या नळीतील सर्पिल खाचांत रुतून गोळ्याला फिरकी देतो आणि मागील वायू अडवून धरतो. १५५ मिलिमीटर तोफेच्या खाचा साधारणपणे ३.१ मीटर अंतरात एक वेढा पूर्ण करतात. म्हणजे सेकंदाला ८०० मीटर वेगाने बाहेर पडणारा गोळा सेकंदाला सुमारे २५८ फेरे घेतो. ही सारी फिरकी गोळ्याला त्या अरुंद पट्ट्याकडूनच मिळते. पट्टा निसटला, तर गोळा अस्थिर होऊन भरकटतो.

पारंपरिक रीतीत गोळ्याच्या अंगावर खाच कोरून पट्टा तीत दाबून बसवतात. त्यासाठी भिंत पुरेशी जाड ठेवावी लागते. साधे वेल्डिंग केल्यास वेगळीच अडचण येते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर पोलादाला सुमारे १५०० अंश लागतात; वितळलेले तांबे पोलादाच्या कणसीमांत शिरून तडे पाडू शकते. घर्षणाने जोडलेल्या पट्ट्यात तांबे द्रवरूप होत नाही, खोल खाचही लागत नाही. पातळ भिंतीच्या गोळ्यांसाठी हा फार मोठा लाभ आहे.

इतर उपयोग

युरोफायटर विमानाच्या ईजे२०० इंजिनात टायटॅनियमची पाती चकतीला रेषीय घर्षणाने जोडलेली आहेत. तेथे पाते फिरत नाही, पुढे-मागे घासले जाते. १९९१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत घर्षण-ढवळण जोडकामाचा शोध लागला. यात फिरती दांडी दोन पत्र्यांच्या फटीतून सरकत मऊ धातू ढवळत जाते. वितळवल्यास तडकणारे अ‍ॅल्युमिनियमचे चिलखती मिश्रधातू त्यामुळे जोडता येऊ लागले.

मर्यादा

प्रत्येक सांध्यासाठी ही पद्धत योग्य नसते. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी सोलापूर जिल्ह्यालगतच्या इंदापूर तालुक्यात वसवलेल्या वालचंदनगर येथे इस्रोच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकासाठी मोटर-आवरणे तयार झाली आहेत. पहिल्या टप्प्याचे हे आवरण २.८ मीटर व्यासाचे व मॅरेजिंग पोलादाचे असते. एवढे नळकांडे फिरवून दाबणे व्यवहार्य नाही; शिवाय या पोलादाचा वितळवून केलेला सांधा नंतरच्या उष्णोपचाराने आपले बहुतांश बळ परत मिळवतो. म्हणून तेथे विद्युत्-ज्योतीचे जोडकामच उपयोगी पडते.

तपासणी

घर्षण सांध्यातील सर्वांत धोकादायक दोष डोळ्यांना दिसत नाही. दोन पृष्ठे एकमेकांना घट्ट टेकलेली असतात, पण जुळलेली नसतात. मध्ये फट नसल्यामुळे क्ष-किरण आणि श्राव्यातीत तपासणीलाही असा सांधा चकवू शकतो. त्यामुळे फेऱ्यांचा वेग, दाब आणि भाग किती आखूड झाला याची प्रत्येक सांध्यागणिक नोंद ठेवतात. ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेला नग बाजूला काढतात. याशिवाय उत्पादनातील नमुन्यादाखल नग मुद्दाम वाकवून, ताणून तोडतात. सांध्याऐवजी शेजारचा मूळ धातू तुटला, तर जोड मजबूत मानला जातो. भिन्न धातूंच्या सांध्यात तुटलेला पृष्ठभागही पाहावा लागतो, कारण तेथे ठिसूळ संयुगांचा थर तयार झालेला असू शकतो.