वॉरंटीतला मदरबोर्ड काउंटरवर देताना

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच. दुकानदार रॅम काढून-घालून पाहतो, दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहतो आणि सांगतो, "बोर्ड गेलाय साहेब. वॉरंटीत आहे, आरएमएला टाकू." म्हणजे दुरुस्तीला किंवा बदलीला परत पाठवू. खरा मनस्ताप इथून पुढे सुरू होतो. वस्तू बिघडल्याचा राग माणूस विसरतो, पण "हे तुमच्याच हातून झालंय" असं ऐकवून ती परत मिळाली की तो कायमचा दुखावतो. असं कशामुळे होतं आणि त्यावर काय करता येतं, हे सुटे भाग विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

वस्तू जाते कुठे?

लॅपटॉपच्या कंपन्यांची स्वतःची किंवा नेमलेली सर्व्हिस सेंटर असतात. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क यांचं तसं नसतं. पुष्कळदा ती जबाबदारी आयात करणारा डिस्ट्रीब्युटर किंवा त्याने नेमलेली एजन्सी सांभाळते, आणि एकाच काउंटरवर अनेक कंपन्यांचा माल जमा होतो. काउंटरवरचा माणूस दुरुस्ती करत नाही. तो सिरियल नंबर जुळवतो, बिलाची तारीख बघतो, वस्तूवर मार लागल्याच्या खुणा शोधतो आणि जॉबशीट काढतो. पुढचा निवाडा दुसऱ्या गावी, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या टेबलावर होतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार चांगला असेल तर गिऱ्हाइकांचा माल गोळा करून मुलाच्या हाती सेंटरला पाठवतो. सोय मोठी आहे. पण वस्तू जितक्या हातांतून जाते तितक्या जागी तिला धक्का लागू शकतो, आणि त्याचा भुर्दंड शेवटी गिऱ्हाइकावरच येतो.

वाकलेली पिन

सर्वांत जास्त वाद होतो तो मदरबोर्डच्या सॉकेटवरून. पूर्वी पिना प्रोसेसरला असत. इंटेलने २००४ साली एलजीए ७७५ सॉकेट आणलं आणि त्या बोर्डावर आल्या; एएमडीने २०२२ च्या एएम५ मध्ये तेच केलं. एएम५ च्या सॉकेटात अशा १,७१८ पिना असतात, केसासारख्या बारीक. त्यातली एक जरी वाकली तरी शेरा पडतो "फिजिकल डॅमेज", आणि वॉरंटी तिथेच संपते. मूळ बिघाड काय होता, हे मग कोणी बघतही नाही.

नव्या बोर्डासोबत सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण येतं. जोडणी करणारा ते बहुतेक वेळा कचऱ्यात टाकतो. ते मागून घ्या आणि खोक्यात ठेवा. झाकण नसलेला बोर्ड पाठवणं म्हणजे पिना वाकायला मोकळं रान. बोर्ड देण्याआधी बाजूने उजेड पाडून सॉकेटचा जवळून फोटो काढा. सरळ पिनांवर उजेड एकसारखा चमकतो. वाकलेली असेल तर त्या रांगेत खंड पडलेला लगेच दिसतो. फोटोत सिरियल नंबरची पट्टीही येऊ द्या.

मग जॉबशीट वाचा. सही करण्याआधी तिच्यावर "सॉकेट पिन ठीक, जळाल्याची खूण नाही" एवढं लिहून मागा. काउंटरवरचा माणूस कुरकुर करेल, मागे रांग असेल, तरी हटू नका. वस्तू आपल्या हातून गेली तेव्हा कशी होती, याचा याहून भक्कम पुरावा नंतर कधीच तयार करता येत नाही.

कोकणात आणि गोव्यात आणखी एक अडचण येते. खाऱ्या, दमट हवेने पोर्टांवर हिरवट थर चढतो आणि जॉबशीटवर "लिक्विड डॅमेज" किंवा "करोजन" असं लिहून येतं. किनाऱ्यावर राहणं हा काही चुकीचा वापर नव्हे. माल तिथेच विकला जातो, तर तिथली हवा गिऱ्हाइकाच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. "पाणी सांडलेलं नाही" हे लेखी नोंदवून घ्या.

बदली म्हणजे नवी नव्हे

बदलून येणारी वस्तू बरेचदा रिफर्बिश्ड असते, आणि तिला मूळ वॉरंटीतले उरलेले दिवसच मिळतात. हार्ड डिस्कच्या बाबतीत गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी असते: दिलेली डिस्क परत येत नाही, म्हणजे त्यातले घरचे फोटोही गेले. बाहेर डेटा काढून घ्यायला डिस्क उघडली की बहुधा वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

बिल, खोकं आणि मूळ देश

थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात फिकं पडतं. घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढा. बिल नसेल तर बऱ्याच कंपन्या वॉरंटी कारखान्यातल्या तारखेपासून मोजतात. प्रोसेसर घेताना तो कंपनीच्या बंद खोक्यातला (बॉक्स) की सुटा (ट्रे), हे विचारा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजमुळे खराब होऊ लागले, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने बॉक्समधल्या अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. ट्रेवाल्यांना मात्र विकणाऱ्याकडेच जावं लागतं. अमेरिकेहून भाच्याने आणलेल्या ग्राफिक्स कार्डाची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. ती कोणत्या देशापुरती आहे, हे आणायला सांगण्याआधी बघा.

वॉरंटी कार्डाच्या पलीकडे

कार्डावर छापलेल्या अटी म्हणजे कायदा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायला हवं.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही कंपन्या एवढ्यावरच हलतात. नाही हलल्या तर जिल्हा आयोग आहे. जुन्या १९८६ च्या कायद्यात कंपनीचं कार्यालय असेल किंवा वादाचं कारण घडलं असेल तिथे जावं लागे. आता तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कुडाळच्या माणसाला मुंबई गाठायची गरज नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायची असते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या देता येते. कायद्यात निकालासाठी तीन महिने, वस्तू तपासायची असेल तर पाच महिने धरलेले आहेत. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे मनाशी धरूनच उतरा. दोष तपासल्याशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण पिन कोणाच्या हातून वाकली, हे प्रयोगशाळा कसं सांगणार? तिथे जॉबशीट आणि तुमचे फोटोच उपयोगी पडतात.

तक्रारीत दुकानदार आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. माल आयात केलेला असेल तर आयातदारालाही. त्याचं नाव-पत्ता, आणि तक्रारीसाठीचा फोन व ईमेल, पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार खोक्यावर छापलेला असतो.